'आहे' लिहायचं नाही

मॅडम, तुम्ही गेल्याच्या नवव्या दिवशी तुमचा तिसरा तास भरला. कोणी भरवला नाही, भरला. तुमची जुनी विद्यार्थिनी म्हणून शाळेत आले होते, शेवटच्या बाकावर बसून पाहिला, म्हणून तुम्हालाच सांगते. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, पत्रकं वाटून वाटून हिचंच डोकं फिरलं.

बाहेर टळटळीत ऊन होतं. अकरा पोरं आली, आपापल्या जागी बसली, वह्या उघडल्या. फळ्यापुढे कोणी नाही. पहिल्या बाकावरची भाग्यश्री म्हणाली, "यस मॅडम." मग सगळे गप्प. मग तिच्या बाजूची, "यस मॅडम." दोन आवाजांच्या मध्ये बरोबर तेवढी जागा, जेवढी तुम्हाला एक नाव घ्यायला लागायची. सातव्या पोरानंतर ती जागा जरा लांबली. तिथे तुम्ही खोकायच्या, मॅडम. पोरांनी खोकलासुद्धा सोडला नाही.

अकरावं "यस मॅडम" झालं आणि सगळ्या माना एकदम मागच्या दाराकडे वळल्या. मी त्या दाराला लागूनच होते. मग मला आवाज आला. उजवी चप्पल टेकते, डावी घासते. टेकते, घासते. व्हरांड्यातून दारापर्यंत.

क्रम नीट सांगते, कारण तुम्ही आधी तोच विचारला असता. आधी माना वळल्या. मग आवाज आला.

मी उठून बाहेर डोकावले. व्हरांडा रिकामा, फरशीवर ऊन. पाण्याच्या टाकीखाली एक कुत्रं झोपलं होतं, त्यानं कानसुद्धा हलवला नाही. परत आत पाहिलं तर अकरा पेनं चालू होती. सगळी डाव्या पानावर.

तुमच्या वर्गात डावं पान डोळ्या-कानांचं आणि उजवं पान डोक्याचं. जे दिसलं, ऐकू आलं ते डावीकडे. त्यावरून जे वाटलं ते उजवीकडे. एकाचं दुसऱ्यात गेलं की तुमचं लाल पेन. मी भाग्यश्रीच्या खांद्यावरून वाचलं. डावीकडे लिहिलं होतं: "मॅडम मागच्या दाराने येऊन राहिल्या."

"हे इकडे काहून लिहिलं?" मी म्हणाले. "हे उजवीकडे जाते."

तिने मान वर केली. "ताई, तुम्हाले नाही ऐकू आलं?"

मी चौकाचौकात उभी राहून लोकांना सांगते की मेलेलं माणूस येत नाही, आणलं म्हणणारा खोटं बोलतो. मी म्हणाले, "नाही."

तिने माझ्याकडे पाहत डाव्या पानावर आणखी एक ओळ लिहिली. ती मला वाचू दिली नाही.

तुमचं कसं झालं, कुठे झालं, किती वर्षं सेवा, हे सगळं शोकसभेच्या फ्लेक्सवर आलं आहे. त्यात 'मानसशास्त्र' चुकीचं छापलं आहे. 'मानशास्त्र'. तुम्ही खूप हसला असता. मी हसले नाही, मला संताप आला. ज्यांना विषयाचं नाव लिहिता येत नाही ते शाळा समितीवाले सोमवारी बसून विषय बंद करणार आहेत. शिक्षिका गेली, विषय गेला, पोरांना भूगोलात टाकू. झालं. अख्ख्या तालुक्यात सतरा वर्षांच्या पोराला "काय होऊन राहिलं तुले" असं विचारणारी मला तरी एकच खोली माहीत होती. सौंसरच्या त्या शाळेतली, मागच्या दाराची. तीच यांना जड झाली.

मी प्राचार्यांकडे गेले. माणूस वाईट नाही. कंटाळलेला आहे. म्हणाले, "काही दाखव ना बाई. निकाल नको दाखवू, निकाल सगळेच दाखवतात. या विषयानं झालं काय, ते दाखव. मी समितीपुढे ठेवतो."

दाखवायला होतं, मॅडम. तुमच्या वर्गातल्या लोखंडी कपाटात होतं. किल्ली कुठे असते ते भाग्यश्रीला माहीत होतं. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "ताई, यातलं छापा. चार पानं छापली नं, सगळे गप्प होतात." इतक्या वर्षांच्या वह्या. कोणी घरी नेल्या, कोणी ठेवल्या. ठेवलेल्या वह्यांत काय असतं ते मला ठाऊक आहे. माझीही तिथेच होती.

तुमचा पहिला दिवस आठवतो. तुम्ही मागच्या दारानं आलात, आम्ही फळ्याकडे तोंड करून वाट पाहत होतो. "पुढून आली की तुम्ही तोंड बदलता," म्हणालात. "मागून आली की पाठी दिसतात. पाठीले खोटं बोलता येत नाही." मग एकेक कागद वाटला. वर लिहिलं होतं, 'अपेक्षा आणि नियम'. असा कागद आम्ही कधी पाहिला नव्हता. उशीर झाला तर कारण सांगायचं नाही, येऊन बसायचं. पेपर बोर्डाच्या हिंदीत द्याल, पण वही घरच्या बोलीत, कारण पुस्तकाच्या भाषेत कोणी घाबरत नाही. कोणाचं निरीक्षण करायचं तर आधी विचारायचं, 'हो' म्हणण्यात काय धोका आहे ते सांगायचं, आणि एक दिवस जाऊ द्यायचा. इथे सांगितलेलं इथेच राहील. आणि सगळ्यात खाली, अधोरेखित: वहीत 'आहे' लिहायचं नाही.

मी हात वर केला. तेव्हाही माझा हात आधी वर जायचा.

"मॅडम, 'आहे' नाही लिहायचं तर वाक्य संपवायचं कसं?"

"तुझी आई काय म्हणते? 'पोरगी आळशी आहे' म्हणते, का 'पोरगी लोळून राहिली' म्हणते?"

"दोन्ही म्हणते."

"राग कशाचा जास्त येते?"

"'आहे'चा."

"काहून?"

मी विचार केला. "लोळून राहिली म्हटलं तर उठता येते."

तुम्ही माझं ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. पुण्याकडचे पाहुणे आमच्या 'करून राहिलो'ला हसतात. शाळेतले हिंदीवाले वेगळे हसतात. तुम्ही मात्र त्याला नियमात बसवलं. 'तो येडा आहे' नाही, 'तो बडबडून राहिला'. 'ती भित्री आहे' नाही, 'ती भिऊन राहिली'. भिऊन राहिलेलं माणूस थांबू शकतं. भित्र्या माणसाला थांबायला जागाच नाही. आजवर मी इतकी पत्रकं लिहिली, इतकं खरं वाक्य मला त्यात लिहिता आलेलं नाही.

त्याच दिवशी तुम्ही तो पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. "यात संत्र्याची साल सुकवून ठेवली. झाकण काढते. वास आला की हात वर. नाही आला तर नाही, त्याचे मार्क नाहीत." संत्र्याच्या गावातली पोरं आम्ही. झाकण निघालं आणि माझा हात सगळ्यात आधी वर. मग बाकांमागून बाक. एक हात खालीच राहिला, पूनमचा. "मले तर काहीच नाही आला," ती म्हणाली. मुलं हसली. हिचं नाक बंद आहे, असं सगळे म्हणाले. तुम्ही डबा उलटा केला. रिकामा, घासून पुसून ठेवलेला.

"कागदावर लिहिल्या त्या माझ्या अपेक्षा," तुम्ही म्हणालात. "ह्या डब्यात होत्या त्या तुमच्या. अपेक्षा आपल्या आधी येऊन बसते, पोट्टेहो. आपण नंतर येतो."

मला तो वास आजही आठवतो, मॅडम. नव्हता, तरी आठवतो. तसा तुमचा पाय घासतानाचा आवाज मी समजावून घेऊ शकते. अकरा पोरं वाट पाहून राहिली, त्यांच्या माना वळल्या, माझ्या कानानं पुढचं पूर्ण केलं. बसतं गणित. फक्त त्या दिवशी पूनमसारखं एकही माणूस वर्गात नव्हतं, ज्याच्याकडे पाहून मला कळलं असतं की डबा रिकामा होता की नव्हता.

आता पूनमचं. आपलं भांडण तिथेच राहिलं.

बारावीत एका मंगळवारी ती तुमच्या वर्गात बोलली. खिडकीकडे तोंड करून. कित्येक दिवस घरात तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता, म्हणून तिला एका भगताकडे नेलं होतं. मिरचीची धुरी दिली. ती गेली का, तर बाबा रडत होते म्हणून. आम्ही सगळे दगडासारखे बसलो होतो. मी दगडासारखी नव्हते. मी बाकाखाली लिहून घेत होते.

चार दिवसांनी माझं पहिलं पत्रक निघालं. नाव टाकलं नव्हतं, त्यामुळे स्वतःला फार शहाणी समजत होते. 'लोधीखेड्याच्या रस्त्यावरची, बारावीत शिकणारी एक मुलगी.' त्या रस्त्यावरून बारावीला येणारी मुलगी एकच होती. दुपारपर्यंत सगळ्या सौंसरला नाव माहीत झालं. दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी होती, आणि मग कायमची.

तुम्ही मला व्हरांड्यात थांबवलं.

"गावाले काय समजलं, मयुरे?"

"भगत लबाड आहे, हे समजलं!"

"नाही. पूनम येडी आहे, हे समजलं. तू 'आहे' छापलं."

"एवढा अन्याय होते अन् आपण वहीत लिहून ठेवायचं? कपाटात? तुम्ही घाबरट आहात, मॅडम."

तुम्ही चिडला नाहीत. "घाबरून राहिली," म्हणालात. "हे खरं."

कशाला घाबरून राहिल्या होत्या, ते मी विचारलं नाही. आज विचारलं असतं. समितीनं तुम्हाला बोलावून झापलं, तुम्ही 'नियम माझा, जबाबदारी माझी' एवढं सांगून परत आलात आणि माझं नाव कुठे घेतलं नाही, हे मला फार उशिरा, दुसऱ्यांकडून कळलं. तरी मी माफी मागितली नाही. पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर भेट व्हायची तेव्हा नवं पत्रक हातात द्यायची. पुढच्या भेटीत तुम्ही ते परत द्यायच्या, प्रत्येक 'आहे'भोवती लाल गोल. "'बुवा लबाड आहे' नाही. 'लबाडी करून राहिला' लिही. उद्या पोलिसाले तेच लागते." मला वाटायचं, या बाईला अन्यायात व्याकरण दिसतं. त्या लाल गोलांचा अर्थ काय होता, हे तुम्ही एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि मीही समजून न समजल्यासारखं केलं.

कपाटासमोर मी भाग्यश्रीला आणि बाकीच्या पोरांना म्हणाले, तुमच्या वह्या तुमच्या, तुम्हीच ठरवा. पण छापल्यावर काय होतं ते आधी ऐका. पूनमचं नाव न घेता सगळं सांगितलं. मी काय केलं तेही सांगितलं. मग म्हणाले, उद्या सांगा. दुसऱ्या दिवशी भाग्यश्रीनं तोंड वेंगाडलं. "नियम नियम करत वर्ग बंद पडला तर?" मी म्हणाले, "तर पडेल." ती म्हणाली, "तुम्ही पण मॅडमसारख्याच होऊन राहिल्या." पण दोघं सोडली तर सगळे 'नको' म्हणाले, आणि त्या दोघांतली एक भाग्यश्री होती. सगळ्या वह्या ज्याच्या त्याला दिल्या. जुन्या पोरांच्या शोधून शोधून पोचवायच्या म्हणून वेगळ्या काढल्या. वर्ग वाचवायला माझ्याजवळ जे होतं ते असं हातून गेलं.

शाळा सुटल्यावर मी कपाटाशी एकटी होते. जुन्या वह्यांत पूनमची वर आली. मी ती उघडली. हा तुमचा नियम मी दुसऱ्यांदा मोडला, आणि ते पण तुम्ही जाऊन पंधरा दिवस झालेले नसताना.

तिच्या महिनाभराच्या निरीक्षणाला मी होते. तिने विचारलं होतं, मी "पाहा की" म्हणाले होते आणि विसरून गेले होते. डाव्या पानावर मीच मी. मयूरी पेनाचं टोपण चावून राहिली. मयूरी दुसऱ्याचं बोलणं संपायच्या आधी मान हलवून राहिली. मयूरी मले विचारून राहिली, मग काय झालं, मग काय झालं. आणि शेवटची नोंद: "मी खिडकीकडे पाहून बोलून राहिली. मयूरी बाकाखाली लिहून राहिली."

तिला काचेत दिसत होतं, मॅडम. तरी ती बोलत राहिली.

उजवं पान कोरं. खाली तुमची लाल शाई: "उजवं पान रिकामं काहून?" आणि पूनमचं बारीक अक्षर: "तिचं अजून ठरवलं नाही."

तेव्हा माझ्या मागे आवाज आला. टेकते, घासते. या वेळी व्हरांड्यात नाही, बाकांच्या मधल्या वाटेत. माझ्या पाठीशी येऊन थांबला. वर्गात वाट पाहणारी पोरं नव्हती. मी होते फक्त, आणि मी कोणाची वाट पाहत नव्हते. म्हणजे मला तसं वाटत होतं. माझी पाठ काय सांगत होती ते तुम्हाला माहीत. मी वळले नाही. वही मिटली, कपाटाला कुलूप लावलं, आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. त्या खोलीचं पुढचं दार मी तेव्हा पहिल्यांदा वापरलं.

काल लोधीखेड्याच्या बसमध्ये बसले. फाट्यावर उतरून बगिच्यातून पायवाट जाते. झाडांना फळ होतं, माणूस एक नव्हतं, पाखरूही ओरडत नव्हतं. पूनमच्या अंगणात खाटेजवळ एक खुर्ची मांडलेली होती आणि स्टुलावर पाण्याचे दोन गिलास भरलेले. माझ्या हातातल्या पिशवीतून काय आणलं ते तिने विचारलं नाही.

"बस," म्हणाली. "मॅडम म्हणाल्या होत्या तू येशील."

"कधी म्हणाल्या?"

"परवा."

आपल्याकडे परवा म्हणजे मागच्या महिन्यातलंही परवा असतं. मी म्हणाले, "परवा म्हणजे कधी?"

"परवा म्हणजे परवा." तिने एक गिलास माझ्याकडे सरकवला. पाणी गार होतं, नुकतंच माठातून काढल्यासारखं. मी पुढे विचारलं नाही. डावं पान तेवढंच ठेवते.

मग कळलं की तुम्ही दर रविवारी तिच्याकडे यायच्या. तिने शाळा सोडल्यापासून. तिने बारावी घरून दिली, खाजगी, तुमच्याकडे शिकून. बसस्टँडवर माझ्या पत्रकावर लाल गोल करून देताना आदल्याच रविवारी तुम्ही तिच्याकडे जाऊन आलेल्या असायच्या, आणि तिचं अक्षर तुमच्या पिशवीत असायचं. एक शब्द मला सांगितला नाही. इथे सांगितलेलं इथेच. मला राग आला, मॅडम, खरंच आला. आणि त्याच क्षणी असं वाटलं की इतकी वर्षं कोणीतरी माझी चूक रोज थोडी थोडी उसवून पुन्हा शिवत होतं, मला न दाखवता.

मी तिला वही दिली. उघडली ते सांगितलं. ती म्हणाली, "मले माहीत होतं तू उघडशील." वही न उघडता उशीखाली सरकवली.

मग मी माझा कागद काढला. सोमवारी समितीपुढे ठेवायला, आणि पत्रक म्हणून वाटायला, आता माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. फक्त मी काय केलं ते. खाली माझं पूर्ण नाव. पूनमचं नाव नाही, गाव नाही, रस्ता नाही, तरी ते तिच्याबद्दल होतं, म्हणून विचारायला आले होते. विषयानं काय झालं असं प्राचार्य विचारत होते. हे झालं: एका मुलीनं एक नियम मोडला आणि तो का होता हे तिला इतक्या वर्षांनी कळलं. यावर समिती काय करेल देव जाणे. हसतीलही.

तिने वाचलं. एका ओळीवर बोट ठेवलं. 'माझ्यामुळे तिची शाळा सुटली.'

"हे खोटं."

"खोटं कसं? माझ्यामुळेच..."

"बाबा म्हणत होते जा. दोनदा सोडायले तयार होते. मी नाही गेली. तुझं तोंड पाहायचं नव्हतं मले." अगदी शांतपणे. "तुझ्यामुळे काय? शाळा माझी होती. मी सोडली. तू माझं सगळंच घेतलं का?"

मी पिशवीत पेन शोधलं, सापडलं नाही.

तिने आतून पेन आणलं. मी ती ओळ तिच्यासमोर खोडली. वर लिहिलं, 'मी ते छापल्यावर तिने शाळा सोडली.' मग मी म्हणाले, जे तिला इतकी वर्षं म्हणायचं होतं आणि तुम्हालाही. दोन शब्दच होते: माफ कर. ती कागद हातात घेऊन पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागली, ओठ हलवत, एकेक शब्द. बराच वेळ लागला. बगिच्याकडून कोणीतरी चालत येत असल्यासारखं वाटलं, आम्ही दोघींनीही मान वळवली नाही.

"सोमवारी त्यांनी नाही ऐकलं तर?" तिने विचारलं.

"तर बंद."

तिने कागदाची घडी केली, माझ्या हातात दिली.

"छाप," म्हणाली. "पण छापखान्यात द्यायच्या आधी पुन्हा एकदा मले दाखव."